कलावंतवाडीची शंभरी

तलवाड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ओढ्याच्या काठाला कलावंतवाडी लागते. आता तिचं नुसतं नावच राहिलंय. निजामाच्या काळात कुण्या देशमुखानं गाण्या-नाचण्याच्या चार बायकांना तिथं जागा दिली. त्यांच्या लेकीबाळींनी वाडी भरली, पंचक्रोशीतली जत्रा त्यांच्यावाचून होत नसे. पुढं एकेक घर उठलं. कुणी बीडला गेलं, कुणी अंबाजोगाईला, कुणी आडनाव बदलून पार पुण्याकडं. रिकाम्या घरांत धनगरांची, मजुरांची बिऱ्हाडं आली. जुन्यांपैकी मागं राहिली ती एकटी विजयमाला. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, गळा मात्र अजून शाबूत.

मोहनराव एके सकाळी गाडी घेऊन तिच्या दारात उतरले. तालुक्याच्या राजकारणातला हा मोठा माणूस. ओट्यावर टेकत ते म्हणाले, "बाई, वाडीला यंदा शंभर वर्षं होत्यात. मोठा सोहळा करायचा. मंडप, सत्कार, लावणीचा कार्यक्रम. वेशीजवळ दगड बसवू अन् त्याच्यावर सगळ्या कलावंतिणींची नावं कोरू. दिवा तुमच्या हातानं लावायचा."

इतक्या वर्षांत कुणी मानाचा माणूस असा दिवसाउजेडी विजयमालेच्या ओट्यावर बसला नव्हता.

"नावं कुणाकुणाची टाकायची?" तिनं विचारलं.

"ते तुमीच सांगा. अन् जी घरं बाहेर गेलीत, त्यांस्नी घेऊन या. वाडीची माणसं स्टेजवर दिसली पायजेत."

मंडपाचं नाव तेवढं आधीच ठरलं होतं. मोहनरावांचे वडील, कैलासवासी विठ्ठलराव, यांचं. त्यांना गाण्याचा लई शौक होता, असं मोहनराव म्हणाले.

पुढचे काही दिवस विजयमाला हवेत होती. भाकरी थापताना मेलेल्या बायांची नावं पुटपुटायची. एखादं नाव विसरलं की हात तसाच पिठात ठेवून बसून राहायची, आठवलं की पुन्हा थापायला लागायची. मग एक दिवस ठेवणीतलं लुगडं नेसून तिनं बीडची एसटी धरली.

वाडीतल्याच चंद्रभागाबाईचा लेक सोमेश्वर तिथं कोचिंग क्लास चालवतो. आई जत्रांना गेली की हा पोरगा विजयमालेच्या ताटात जेवायचा. त्यानं तिला ओळखलं, आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि मगच पाया पडला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, आईचं नाव नका घालू. हात जोडतो."

"अरे, तिचं गाणं ऐकायला गेवराईवरून बैलगाड्या यायच्या."

"तेच कुणाला कळायला नको. पोरीला स्थळं येतायत. आमची आजी शेतात राबायची, एवढंच माहितीये तिला."

तो स्वतः तिला स्टँडवर सोडायला आला. खिडकीजवळ जागा धरून दिली, केळी घेऊन दिली. तिला त्याचा रागही येईना. गाडी हलेपर्यंत तो खाली उभा होता, पण कुणी ओळखीचं दिसलं की दोन पावलं लांब सरकत होता.

आणखी दोन-तीन घरी तिनं फोन लावून पाहिला. कुणी नंबर चुकलाय म्हणालं, कुणी नुसतंच ऐकून ठेवून दिलं. उरली तिची सख्खी धाकटी बहीण, जानकी. ती अंबाजोगाईला, अंगदकडं, म्हणजे आपल्या लेकाकडं राहते. अंगदचं औषधाचं दुकान आहे आणि त्याला आईचं सगळं ठाऊक आहे. लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. जानकी तरी येईलच, अशी विजयमालेची खात्री होती.

जानकी गच्चीवर कुरडया राखत बसली होती. विजयमाला शेजारी टेकली आणि एका दमात तिनं मंडप, दगड, दिवा सगळं सांगून टाकलं. जानकी एकेक कुरडई उलटत राहिली.

"तू जा," शेवटी ती म्हणाली. "मी येत न्हाई."

"कावून? अंगद नको म्हणतो का?"

"अंगद कशाला नको म्हणंल? मलाच यायचं न्हाई." तिनं हात झटकले. "कसली शंभरी, आक्का? तुला गळा व्हता, तुला आईनं गायला बसवलं. मला नाचायला उभं केलं. तू डोळे मिटून गायचीस. समोर कोण बसलंय, ते मला दिसायचं."

विजयमाला पायाशी पडलेला कुरडईचा तुकडा उचलून कापडावर ठेवायला लागली.

"मंडपाला कुणाचं नाव दिलंय म्हणलीस?"

"विठ्ठलरावांचं."

जानकीनं पदराला हात पुसले. "गाणं सरलं की आई मला पानाचं तबक घेऊन त्यांच्याकडं आत पाठवायची. तबक ठिवून लगीच परत आलेली मी तुला आठवते का?"

विजयमालेनं आठवून पाहिलं. त्या वेळी ती तंबोरा पुसून ठेवत असायची, आई तिच्या घशाला गरम दूध द्यायची, आणि ती झोपून जायची. सकाळी जानकी उशिरापर्यंत उठायची नाही, म्हणून आई तिला आळशी म्हणायची. तीही म्हणायची.

"मला म्हाईत नव्हतं गं."

"न्हाई कसं? शेजारच्या खोलीत तर व्हतीस." जानकीच्या आवाजात राग नव्हता. ती उठली आणि सावली सरकली म्हणून कुरडयांचं कापड उन्हात ओढायला लागली.

आठवड्यानं ग्रामपंचायतीत बैठक भरली. कार्यकर्ते चहा पीत होते. मोहनरावांनी तिला खुर्ची दिली आणि नावं विचारली.

"नावं न्हाईत," विजयमाला म्हणाली. "कुणी द्यायला तयार न्हाई. अन् मंडपाचं नाव बदला."

"ते कशापायी?"

"तुमच्या वडलांना गाण्याचा शौक व्हता म्हणता. ते गाण्यासाठी येत नव्हते."

कुणीतरी कप खाली ठेवला. मोहनराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, उन्हातान्हाचा प्रवास झालाय तुमाला. घरी जाऊन पडा. बाकीचं आमी बघतो."

त्यांनी ते बघितलं. दिवा लावायला मालिकेतली एक नटी ठरली. दगडावर कोरायला नावंच नव्हती, तेव्हा 'कलावंतवाडी शतकपूर्ती' एवढं कोरलं आणि खाली विठ्ठलरावांचं नाव घातलं. विजयमालेला निमंत्रणपत्रिका आली, पण ती घेऊन येणारा पोरगा दारातूनच माघारी गेला.

सोहळ्याच्या दिवशी सकाळीच ती अंबाजोगाईला निघून गेली. जानकीनं तिला बघून पाणी दिलं.

"आज व्हतं ना ते?"

"हं. मी न्हाई गेले. माझं नाव बी दिलं न्हाई."

"का?"

"तू येवढं सांगितल्यावर कशी जाऊ?" विजयमाला म्हणाली. बहिणीसाठी जन्मात पहिल्यांदा आपण काही केलं, असं तिला वाटत होतं.

जानकीच्या कपाळाला आठी पडली. "मी येत न्हाई म्हणलं व्हतं. तू जाऊ नको असं कवा म्हणलं? तुझं गाणं खरं व्हतं, आक्का. तिथं एक तरी खरं नाव लागलं असतं. आता समदं त्यांचंच झालं."

जेवणं झाली. जानकीनं राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दुपारच्या गाडीनं विजयमाला परत फिरली.

वाडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा कार्यक्रम रंगात आला होता. स्पीकरनं ओढ्याचा काठ दणाणत होता, बाहेरून आणलेल्या पोरी नाचत होत्या आणि पुढच्या खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यांतले लोक बसले होते. या वेळी विजयमालेचे डोळे उघडे होते. तिनं त्या खुर्च्यांकडं पाहिलं, मग नाचणाऱ्या पोरींकडं पाहिलं. त्यातली एक लहानखुरी होती आणि हसताना तिची नजर सारखी पुढच्या रांगेवर जात होती.

घराची वाट मंडपाला खेटून होती आणि गर्दी हटत नव्हती. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता पुढं आला. "म्हातारीला वाट द्या रे," म्हणत त्यानं तिला दंडाला धरून बाजूनं काढून दिलं.