सहा दिवसांचं भांडण

मी वाळूचं घड्याळ बोलतोय. चावी नाही, काटे नाहीत, टिकटिक नाही. वाळू खाली आली की कुणीतरी मला उलटं करतं, की पुन्हा तेच. डोकं कुठलं नि पाय कुठले, हे मला आजवर कळलेलं नाही. हसू नका हो! तुम्हाला दर तीन मिनिटांनी शीर्षासन करायला लावलं असतं, म्हणजे समजलं असतं.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका काचकामगाराने गाल फुगवून नळीत फुंकर मारली, मधोमध चिमटा घेतला आणि मला कंबर आली. अशी कंबर, की बघणाऱ्याने बघतच राहावं! मग पोटात चमचाभर वाळू भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी चकत्या बसवल्या. अंडी उकडताना तीन मिनिटं मोजायची, एवढंच माझं काम.

माझी मालकीण म्हणजे या घरच्या सासूबाई. त्यांचे यजमान कारखान्यात टाइमकीपर होते. पस्तीस वर्षं त्यांनी भोंगा वाजवला. कारखाना वेळेवर चालला आणि यांचे कान गेले. निवृत्त झाले तरी मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं, पहिल्यावर लक्ष ठेवायला.

त्यांच्या सुनेचे वडील विहिरी खणायचे. जन्मभर जमिनीत उतरलेला माणूस. मुरूम, त्याखाली खडक, त्याखाली आणखी वेगळा खडक, आणि एकदा तर समुद्राचा पत्ता नसताना खडकात चक्क शिंपले!

दोघे व्याही एकाच चर्चमध्ये जायचे, एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गायचे. रविवारची उपासना आटोपली की जेवायला इथे. आणि हात धुवायच्या आधीच सुरू! देवाने सहा दिवसांत जग केलं, ते दिवस किती तासांचे?

"चोवीस!" टाइमकीपर टेबलावर थाप मारायचे. "संध्याकाळ झाली, सकाळ झाली, असं स्वच्छ लिहिलंय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"अहो व्याही, सूर्य चौथ्या दिवशी आला. पहिल्या तीन दिवशी संध्याकाळ मोजली कशाने? तुमच्या खिशातल्या घड्याळाने? देवाचा दिवस म्हणजे युग. प्रभूला हजार वर्षं एका दिवसासारखी आहेत."

"मग सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घ्या म्हटलंय, तेव्हा मी काय सहा युगं राबून मग सुट्टी घेऊ?"

"सातव्या दिवसाची संध्याकाळ कुठे लिहिलीय, दाखवा बरं!"

एका रविवारी दोघे एकदमच बोलू लागले, तेव्हा टाइमकीपरांनी मला स्वयंपाकघरातून उचलून आणलं. "प्रत्येकी तीन मिनिटं! वाळू संपली की तोंड बंद!" काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. काल अंडी, आज सृष्टीची उत्पत्ती! बढती बढती म्हणतात ती हीच.

वादात माझीही फरपट व्हायची. विहीरवाले माझ्या पोटाकडे बोट दाखवत, "ही वाळू कोट्यवधी वर्षांची!" टाइमकीपर म्हणत, "सहा हजारांच्या वर एक दिवस नाही!" मी आपला गप्प. वय कुणी चारचौघांत सांगतं का?

पण या मौजेत एकीचा जीव टांगणीला लागला होता. सूनबाई. सकाळी अंडी उकडताना ती मला हातात धरून पुटपुटायची, "आज सांगते. जेवण झाल्यावर दोघांनाही एकदमच सांगते." आणि जेवण होईपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना! असे तीन रविवार गेले. तिला भीती वाटत होती, की हे दोघं कायमचे तुटले तर तिच्या पोटातल्या बाळाचं आजोळच तुटेल.

चौथ्या रविवारी कडेलोट झाला. टाइमकीपर म्हणाले, "देवाचं वचन तुम्ही रबरासारखं ताणताय." विहीरवाले भडकले, "आणि तुम्ही देवालाच भोंग्यावर कामाला लावलंय!"

बाप रे! टाइमकीपर ताडकन उठले. विहीरवाल्यांनी बूट उचलले. "आजपासून या घरचं पाणीसुद्धा मला वर्ज्य!"

"थांबा!" सूनबाई दारात आडवी झाली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, पप्पा, ऐका ना! मला दिवस गेलेत!"

"गेले?" टाइमकीपरांनी कानामागे हात धरला. "कुठले गेले? सहाच्या सहा जागेवर आहेत, मी मोजलेत!"

"तिसरा लागलाय!" ती ओरडली.

"तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं!"

"आणि तेव्हा सूर्य नव्हता, हेच तर मी ओरडून सांगतोय!" विहीरवाले एका पायात बूट घालत म्हणाले.

सासूबाई डाव घेऊनच बाहेर आल्या. "अहो शहाण्यांनो, पोरीला दिवस गेलेत! आजोबा होताय दोघं! आता तरी त्या दिवसांचा पिच्छा सोडा!"

माझी वाळू संपली, तरी मला उलटं करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. विहीरवाल्यांच्या हातातला बूट गळून पडला. टाइमकीपर मटकन खुर्चीत बसले.

"मला तुम्ही दोघंही हवेत," सूनबाई रडत म्हणाली. "याच टेबलाशी. भांडा हवं तर, पण जाऊ नका."

विहीरवाल्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग डोळे पुसता पुसता खोडी काढलीच, "काय व्याही, 'दिवस गेले' म्हणतात, ते दिवस किती तासांचे हो?"

"नऊ महिन्यांचे," टाइमकीपर नाक ओढत म्हणाले. "पण एकेक चोवीस तासांचाच!" आणि दोघं असे हसले, की टेबल हललं आणि मी आडवा होता होता वाचलो.

नात झाली. टाइमकीपरांनी कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक चौकट खोडली होती, तरी बाईसाहेब उशिरा आल्या. किती उशिरा? मोजून सहा दिवस! "बघा, दिवस लांबतात," विहीरवाले म्हणाले. "लांबले नाहीत, सहा जादा लागले," टाइमकीपर म्हणाले. वाद काही मिटला नाही. मिटूही नये, मला करमणार नाही.

आता नात मांडीवर घ्यायला प्रत्येकी तीन मिनिटं, पंच मीच. आज विहीरवाल्यांची पाळी होती. त्यांचा खरबरीत अंगठा मुठीत धरून पोर गाढ झोपली. ते श्वाससुद्धा जपून घेत होते. माझे शेवटचे चार कण उरले होते. देवाशपथ सांगतो, मी ते धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला! टाइमकीपरांचा हात माझ्याकडे आला. मी उलटं व्हायच्या तयारीने जीव मुठीत धरला.

त्यांनी मला अलगद आडवं ठेवलं.

"अहो, वाळू थांबली ना," विहीरवाले कुजबुजले.

"थांबू दे," टाइमकीपर हळू आवाजात म्हणाले. "बसा तुम्ही, व्याही. दिवस मोठा आहे."

मी अजून तसाच पडून आहे. आत येणार असाल तर पाय न वाजवता या. आणि हात जोडून सांगतो, मला एवढ्यात कुणी उभं करू नका.