तांदळाच्या डब्यातली थरथर

मित्रांनो, तांदळाच्या डब्यात दिवस काढलेला मी एक जुना मोबाईल आहे. हसू नका. माझ्या पोटात वाटाण्याएवढी मोटर आहे आणि तिच्या दांडीवर एका बाजूला झुकलेलं वजन. मोटर फिरली की तोल जातो आणि मी थरथरतो. कारखान्यातल्या तपासणारीने ही थरथर पाहून मान डोलावली होती. ती माझी पहिली शाबासकी.

आधी मी आत्याचा होतो. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नवा फोन घेतल्यावर तिने मला भाच्याला दिलं. "सोन्या, काच फुटली तर कान उपटीन हं!" सोन्याने मला जिवापाड जपलं.

एकदा त्याने मित्राला विश्वासाने लिहिलं, 'मला मुली नाही, मुलगे आवडतात.' मित्राने त्या ओळीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून मला उसंत नव्हती. जेवताना, अभ्यासात, बसथांब्यावर, सतत थरथर. 'बायल्या.' 'आमच्याबरोबर पोहायला उतरू नकोस.' 'असल्यांनी जगून काय करायचं?' सोन्याचं पोहणं सुटलं, जेवण तुटलं. दुसऱ्याचा फोन वाजला तरी तो दचकायचा. त्याला मला बंदही करवेना, कारण आपल्यामागे काय चाललंय हे न कळण्याची भीती मोठी. शेवटी त्याने मला तांदळात पुरलं.

आत्या तांदूळ काढायला आली, तर दाणे हलत होते.

"अगं बाई, किडे की काय?" तिने हात घातला. "भिजला होय रे हा? म्हणून सुकायला ठेवलास?"

"हो," सोन्या पुटपुटला. तेवढ्यात मी पुन्हा थरथरलो आणि तिने वाचलं.

संध्याकाळी सोन्याच्या बाबांनी मला हातात घेतलं. "पुसून टाकतो सगळं. पोरांची चेष्टा असते, विसरतील."

"दादा, हा पुरावा आहे! रक्ताचा नमुना मोरीत ओतून रिपोर्ट मागणार आहेस?" आत्या कडाडली. "याला रस्त्यात अडवून मारलं असतं, तर चेष्टा म्हणाला असतास?"

बाबांचं बोट माझ्या काचेवर थबकलं. "पण चारचौघांत सांगू काय? माझा मुलगा..."

"आहे तसा सांगा, बाबा," सोन्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन सगळे पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "मारहाण नाही, चोरी नाही. मग तक्रार कसली? वाच बघू मोठ्याने."

सोन्याने पहिली ओळ वाचली. दुसरीला तो थांबला. तेव्हा बाबांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि एकेक शब्द स्वतः वाचला. 'जगून काय करायचं' या शब्दांशी ते आले. मला वाटलं मीच थरथरतोय, पण तो त्यांचा हात होता.

बाईंनी पेन उचललं.

"त्यांना तुरुंगात टाकणार?" सोन्याने घाबरून विचारलं.

"तीही पोरंच आहेत. त्यांचं काय करायचं ते न्यायाधीश बघतील. पण हा गुन्हा आहे, चेष्टा नाही, असं मी लिहितेय."

"मला तेवढंच हवं होतं," सोन्या म्हणाला.

आता मी पुरावा म्हणून सीलबंद पाकिटात पडून आहे. मोटर थांबली, तरी चैन नाही. बाहेर कुणाचाही फोन थरथरला की वाटतं, हा कुठला सोन्या?

मित्रांनो, तुम्हाला असं कुणी लिहिलं तर पुसू नका, घरातल्या मोठ्यांना दाखवा. आणि कधी तुमचंच बोट असलं काही पाठवायला निघालं, तर आधी ते मोठ्याने वाचा. ज्याला पाठवताय त्याचे बाबा समोर बसलेत असं समजून वाचा.