प्रेमदासचा जंतूवाला खडा

सन दोन हजारच्या होळीत प्रेमदासला लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, गाणाऱ्यांच्या रिंगणातून बाहेर काढलं. पण असं काही झालंच नाही असं समजू, कारण प्रेमदासही तसंच समजून गात होता.

झालं होतं एवढंच, की पुसेगावजवळच्या तांड्यावरल्या या पट्टीच्या गाणाऱ्याचा मूतखडा हिंगोलीच्या डॉक्टरांनी काढला. "हा खडा जंतूंमुळं झालाय," ते म्हणाले. "लघवीत जुना संसर्ग आहे. गोळ्या पूर्ण करा, नाहीतर पुन्हा होईल."

प्रेमदासनं हे तांड्यावर ऐटीत सांगितलं. बाकीच्यांचे खडे पाणी कमी पिऊन झालेले. खास जंतूंनी बांधून दिलेला खडा त्याचा एकट्याचाच. ते ऐकून तांड्याच्या नायकानं, म्हणजे प्रमुखानं, आपली चिलीम मागं ओढली.

"जंतू म्हणजे साथ. रिंगणात हातात हात असतो. तू लांबून गा."

"नायक, खडा काय खोकला हाय व्हय, उडायला? शेजारी बसून लागत न्हाई तो."

"मी रोज शेजारीच बसते," बायको भिकाबाई म्हणाली. "मला काहून न्हाई झाला?"

नायकानं तिलाही बायकांच्या रिंगणातून काढलं.

मग नवराबायकोनं लांब उभं राहून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं लेंगी म्हटली, आणि धुळवडीची सुट्टी संपताच प्रेमदासनं कलेक्टर कचेरीत अर्ज दिला:

"सदर जंतू जुने असून, गेल्या वर्षी हिंगोली जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच अर्जदाराच्या शरीरात दाखल झाले आहेत. तरी ते मूळच्या परभणी जिल्ह्यात वर्ग करून, तसा दाखला तांड्याच्या नायकास पुढील होळीपूर्वी देण्यात यावा, ही नम्र विनंती."