पाण्यातला चष्मा

आमच्या पिंकीचे लग्न सेलूला झाले ते २००० सालच्या मे महिन्यात. मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते, तेवढ्यात तहसीलचे बाबू धर्मेंद्र जीपमधून एक मोठे खोके घेऊन आमच्या दारात उतरले. शेजारणींना वाटले, आहेर उशिरा आला.

आम्ही आंजीजवळचे, भाजीपाला करणारे. पण माझे मालक नत्थूजी यांना सगळा इलाखा ओळखतो तो पाणबुड्या म्हणून. विहिरीत मोटर पडली, कोणाची घागर गेली, कोणाचे माणूस गेले, की सायकल आमच्या दारात येते. दम धरून तळाशी जायचे आणि डोळे उघडे ठेवून शोधायचे, ही विद्या त्यांना वडिलांनी शिकवली. वडील म्हणजे माझे सासरे तानबाजी. विहिरीतला चुना, ब्लिचिंग पावडर, सडलेला पाला, सगळे डोळ्यांत घेऊन सासऱ्यांचे दोन्ही डोळे गेले होते. नत्थूजींचा डावा डोळा त्याच मार्गाला लागलेला. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की पुन्हा पाण्यात डोळा उघडला तर उजवाही हातचा जाईल. हे म्हणाले, "मंग मी वांगेच विकू काय फक्त?" आणि दुसऱ्याच दिवशी कोणाची तरी बादली काढायला गेले.

म्हणून त्या खोक्याचे मला अप्रूप. सरकारने पुराच्या तयारीसाठी सामान पाठवले होते. रबराचे बदकाच्या पंजासारखे दोन पाय होते, एक सात नंबरचा आणि एक दहाचा. हवेचे नळकांडे तहसीलमध्येच राहिले, कारण नळकांडे मंजूर होते, त्यात भरायची हवा मंजूर नव्हती. आणि एक चष्मा होता. डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा, मोठ्या काचेचा, कडेने मऊ रबराची झालर. हा घातला की पाण्यात डोळे कोरडे राहतात, असे धर्मेंद्रबाबू म्हणाले. त्यांनी स्वतः कधी घातला नव्हता.

पहिली बुडी देवळाजवळच्या विहिरीत झाली. सरपंच रूपराव यांनी नारळ फोडला. नत्थूजी वर आले तर चष्मा काठोकाठ भरलेला, मासोळी सोडली असती तर जगली असती. दोन्ही डोळे लाल.

मग गावाने चष्मा दुरुस्तीला घेतला. सायकलवाल्या मोतीलालने तो टबात बुडवून बुडबुडा शोधला. "बुडबुडा नाई, म्हंजे पंक्चर नाई," तो म्हणाला, "पन आले हाव तं सोल्युशन लावून देतो." रूपराव म्हणाले पट्टा ढिला आहे. दोन माणसांनी मागून बैल आवळावा तसा पट्टा आवळला. चष्मा आधीपेक्षा जास्त गळला आणि चेहऱ्यावर जो गोल वळ उठला तो दोन दिवस गेला नाही. कोणीतरी कडेने कणिक लावली. ती कणिक पिण्याच्या विहिरीत सुटली तेव्हा बायकांनी दुरुस्ती बंद पाडली.

शेवटी तहसीलने तीन साहेबांची तपासणी समिती पाठवली. एकाची मिशी झाडूसारखी, एकाची ओठावर लोंबणारी, तिसऱ्याची काळी रंगवलेली. घमेल्यात पाणी भरून तिघांनी पाळीपाळीने चष्मा लावून तोंड बुडवले, आणि तिघे पाळीपाळीने शिंकत वर आले. मी चहा घेऊन उभी होते, पण मला कोणी काही विचारले नाही.

अहवालाचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली माझी अक्षरे तेव्हा नवीनच होती, मी बोट ठेवून वाचला. "सदर मुखवटा मूलतः गळका असल्याचे निदर्शनास आले. सबब तो सोमवारी परत घेऊन निर्लेखित करण्यात येईल." यातले मला सोमवार तेवढे नीट समजले. चार दिवस उरले होते.

पिंकी तेव्हा माहेरी आली होती. संध्याकाळी ती कांदे चिरायला बसली आणि डोळे झोंबतात म्हणून तिने खुंटीवरचा चष्मा काढून लावला. पट्टा न बांधता, नुसता हाताने धरून. नाकाने श्वास ओढला आणि हात सोडला.

"आई, पाय वो! हात सोडला तरी पडत नाई!"

मी लावून पाहिला, मलाही चिकटला. हौदात डोके घातले, एक थेंब आत नाही. तळाचे शेवाळ कसे स्वच्छ दिसत होते! मग यांना बोलावून लावला. फुस्स करून खाली पडला. मी त्यांच्या नाकाखाली बोट फिरवले.

"तुमची मिशी आड येऊन राह्यली जी."

"काय बोलतं? तीन तीन साहेबांनं तपासला."

"त्याह्यले मिश्या नोयत्या काय?"

यांनी मिशीवर हात ठेवला. आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. बाप जिता असताना उतरवली तर ती त्याच्या मरणाची दवंडी. पिंकीने मिशीवर व्हॅसलीन चोपडून पाहिले. पहिली बुडी कोरडी गेली, दुसरीला केस पुन्हा उभे राहिले आणि पाणी आत.

"राहू दे," हे म्हणाले. "एका चष्म्यासाठी मी बाबाले मारू काय?"

सासरे ओसरीवर खाटेवर असत. डोळे गेल्यापासून त्यांचे कान घरभर फिरायचे. रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली.

"नत्थ्या, काऊन रे, मिशी कोनाच्या नावाची हाय?"

"तुमच्या, बाबा."

"मंग मले काऊन नाई इचारलं? न्हाव्याले बोलाव."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक मले हात धरून नेतेत काय मोरीवर? तुह्याच हातानं जातो मी. तुहेबी डोये गेले तं मले कोन नेईन, अन् तुले कोन? या घराले एक आंधळा पुष्कळ हाय."

न्हावी आला, त्याने वस्तरा परजला आणि तीनदा विचारले, "खरंच काढू? मंग गेलं कोन?"

"तू जाशीन आता, नाई काढली तं," सासरे खाटेवरून म्हणाले.

मिशी उतरली. सासऱ्यांनी बोटांनी यांचा ओठ चाचपून पाहिला, हात मागे घेतला आणि चहा मागितला.

नत्थूजी चौकातून कोथिंबीर द्यायला गेले तेवढ्यात व्हायचे ते झाले. तासाभरात रूपराव पांढरी टोपी घालून दारात, मागे दहा माणसे, दोघे येता येता आमचेच मांडवाचे बांबू निवडून ठेवत होते. बायकांनी कोपऱ्यापासूनच गळा काढला. सर्वात पुढे रूपरावांची म्हातारी.

"कोन मेलं वो?" सासऱ्यांनी खाटेवरून विचारले.

"तुमीच न, काकाजी!" म्हातारी रडता रडता म्हणाली, आणि मग तोंडावर पदर घेऊन खालीच बसली.

"बरं झालं आले," सासरे म्हणाले. "बाई, या सगळ्याइले चहा ठेव. माह्या नावाचा."

सोमवारी समिती आली. नत्थूजी उतरले आणि रूपरावांनी टाकलेली कळशी घेऊन वर आले. चष्म्यात एक थेंब नाही. यांनी तो काढला, पापण्या हलवल्या आणि म्हणाले, "तळाले तं चार घागरीबी हायेत जी, कोनाच्या?" समितीने दुसरा अहवाल लिहिला की समितीच्या मार्गदर्शनाखाली मुखवट्याची गळती थांबवण्यात आली. पुढे एक परिपत्रकही आले. पाणबुड्याने मिशी काढावी, आणि वडील हयात असल्यास त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे. सासऱ्यांनी अंगठा दिला. धर्मेंद्रबाबू म्हणाले, मृत्यूचा दाखला असता तर काम लवकर झाले असते.

चष्मा आमच्याकडेच राहिला. यांनी मिशी परत वाढवली नाही. उजवा डोळा शाबूत आहे, अजून बुडी मारतात. पिंकी आली की कांदेही त्यातूनच चिरते.

सासरे गेले तेव्हा अडचण वेगळीच झाली. यांचा ओठ साडेतीन वर्षे गुळगुळीतच होता, त्यामुळे पाहून कोणाला काही कळेना. निरोप पाठवला तर रूपराव म्हणाले, "पुन्हा चहाले बोलावतेत काय?" दोनदा माणूस पाठवावा लागला. न्हाव्याने रीत म्हणून कोरड्या ओठावरून वस्तरा फिरवला. हे तेव्हा रडले.

माझे सासरे तानबाजी १२ जानेवारी २००४ ला, सोमवारी सकाळी, घरीच वारले.