ढोंगर

दोन हजार चौदा साल होतं. टपालताई संगणकासमोर बसून मोठ्याने वाचत होत्या आणि शेजारच्या शिवणवाल्या वहिनी खिडकीपाशी एका शर्टाला बटणं लावत ऐकत होत्या.

“ऐका हो वहिनी, काय लिहितात लोक! ‘तुमचा तो शेवटचा डोंगर म्हणजे खरा ढोंगर. जवळ दिसतो नि लांब असतो.’ आता डोंगराला ढोंगर! शाळेत काय शिकवतात कोण जाणे. ढ सुधारून टाकू का?”

वहिनींची सुई थांबली.

“पुन्हा वाचा.”

टपालताईंनी पुन्हा वाचलं. वहिनी उठल्या. मांडीवरची बटणं घरभर घरंगळली, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. संगणकाच्या पडद्याजवळ येऊन त्यांनी त्या ‘ढ’वर बोट ठेवलं.

“हा सुधारू नका. ही माझी मुलगी आहे.”

टपालताईंनी एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची गावागावांप्रमाणे वाटणी केली होती. हजारो गावांची नावं बोटांखालून गेली, त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एक पिशवी खांद्याला अडकवून त्या ती गावं बघायला निघाल्या. परत आल्या की लिहून काढायच्या. धाकट्या जावेने त्यांना ब्लॉग काढून दिला होता. ही जाऊ शाळेत संगणक शिकवायची, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखी.

“ताई, पानाच्या तळाशी गोपनीयता धोरण लागतं,” जाऊ म्हणाली होती. “सगळे दुसऱ्याचं उचलून चिकटवतात. मी पण चिकटवते.”

“दुसऱ्याची शपथ मी कशी घेऊ गं?” असं म्हणून टपालताईंनी स्वतः चार वाक्यं लिहिली. ‘तुम्ही इथे काही लिहिलंत तर तुमचा ई-मेलचा पत्ता आणि तुमच्या यंत्राचा क्रमांक माझ्याकडे येतो. तो मी कोणालाही देणार नाही. पोस्टकार्ड उघडं असलं तरी ते दुसऱ्याचं असतं. सांगाल तेव्हा सगळं पुसून टाकीन.’

“वकिलाला झीट येईल हे वाचून,” जाऊ म्हणाली होती. पण तिने ते तसंच ठेवलं.

वहिनींची मुलगी सहा वर्षांपूर्वी घरातून गेली होती. जिन्याला सगळं ठाऊक होतं. तिला लग्न करायचं होतं तो माणूस बापाला पसंत नव्हता. बाप बसचा ड्रायव्हर, रागाचा पक्का. त्याने तिची बॅग जिन्यात फेकली आणि म्हणाला, “पुन्हा दिसलीस तर तंगडं मोडीन. जाशील तिथे येऊन मोडीन.” ती गेली. त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. वहिनींनी तिची खोली शिवणाला घेतली, पण तिच्या पलंगावर कधी कापड पसरलं नाही.

“लहानपणी बापाच्या गाडीत पुढे बसायची,” वहिनी सांगत होत्या. “विचारायची, डोंगर कधी येणार? बाप म्हणायचा, हा काय आलाच. तासभर झाला तरी येईना. तेव्हा म्हणाली, हा डोंगर नाही बाबा, हा ढोंगर आहे, ढोंग करतोय.” त्या हसल्या आणि हसता हसता खाली बसल्या. “ताई, तुम्हाला पत्ता दिसतो ना?”

“दिसतो.”

“मग सांगा.”

टपालताईंनी नकाराची मान हलवली.

“अहो, आई आहे मी तिची! चोरदरोडेखोर थोडीच आहे?”

“वहिनी, दिसतो म्हणून सांगायचा नसतो. तिने मला लिहिलंय ते ही चार वाक्यं वाचून लिहिलंय.”

“तुमची चार वाक्यं मोठी, आणि माझी सहा वर्षं?”

टपालताईंनी एवढंच केलं, की वहिनींच्या समोर बसून मुलीला पत्र लिहिलं. आईने ढोंगर ओळखला. आई विचारते आहे, कुठे आहेस. मी काही सांगितलेलं नाही. सांगू का?

त्या दिवसापासून वहिनी रोज सकाळी पाण्याचा नळ बंद झाला की यायच्या. “उत्तर आलं?” नाही म्हटलं की म्हणायच्या, “बरं, मग ते दाखवा.” टपालताई ती ओळ उघडून द्यायच्या. वहिनी चष्मा लावून वाचायच्या, पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या आणि घरी जायच्या. यजमानांना त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं.

‘आईला सांगा, मी बरी आहे. तिला नात आहे. पत्ता देऊ नका. आईच्या पोटात काही राहत नाही, बाबांनी आवाज चढवला की ती सांगून टाकेल. आणि मी लिहिलेलं काढून टाका, माझा पत्ताही. तुम्ही तसं लिहिलंय, म्हणून सांगते.’

वहिनींनी ते ऐकलं. ‘नात’ या शब्दाला त्यांचा हात तोंडावर गेला. मग बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“खरंच आहे. माझ्या पोटात काही राहत नाही,” त्या म्हणाल्या. “एका कागदावर उतरवून देता? ती ढोंगराची ओळ?”

“वहिनी...”

“नको. घरात कागद सापडला तर विचारतील.” त्या पडद्याजवळ सरकल्या. “एकदा मोठ्याने वाचा. मग पुसा.”

टपालताईंनी वाचलं. मग पुसलं. ओळ गेली, पत्ता गेला, मुलीचं पत्र गेलं, आपण लिहिलेलं गेलं. कचऱ्याची टोपलीसुद्धा त्यांनी रिकामी केली. त्याच आठवड्यात जावेला बोलावून घेतलं.

“आता क्रमांक नको, कोण कुठून आलं तेही नको. मोजणीच बंद कर.”

“अहो ताई, मग कोणी वाचतंय की नाही, कळणार कसं?”

“नाही कळलं तर नाही.”

वहिनी त्यानंतरही सकाळी यायच्या. संगणक बंद असायचा. चहा घ्यायच्या आणि जायच्या.

तीन वर्षांनी वहिनी गेल्या. चार दिवसांचं दुखणं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टपालताईंचा हात धरला. “तिला कळवाल ना?” टपालताईंनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी संगणक उघडला, जिथे शोधता येईल तिथे शोधलं, जावेलाही बसवलं. कुठेही काही नव्हतं. एकतीस वर्षांत एकही पत्र गहाळ न केलेल्या बाईने हे काम इतकं चोख केलं होतं, की एक अक्षरही मागे उरलं नव्हतं.

मग त्यांनी ब्लॉगवर त्याच डोंगराबद्दल पुन्हा लिहिलं. कोणाचं नाव घेतलं नाही. शेवटी लिहिलं, ‘माझी शिवणवाली शेजारीण गेली. ती याला ढोंगर म्हणत असे.’ खाली लिहायची जागा मोकळी ठेवली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जाऊ निवृत्त झाली, लेकाकडे दुसऱ्या गावी राहते, पण दर वर्षी न विसरता पैसे भरून ब्लॉग चालू ठेवते. टपालताईंचे गुडघे गेले, गावं बघणं संपलं. मुलीचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. त्या पानाखाली अनोळखी वाचकांनी हळहळ लिहिली. ढ असलेला शब्द कोणी लिहिला नाही. ती वाचून गेली असेल किंवा नसेल. मोजणी बंद आहे.

वहिनींचे यजमान मात्र येतात. त्यांना कोणी सांगितलं, टपालताईंनी कधी विचारलं नाही. शेवटच्या दुखण्यात वहिनींच्याच पोटात राहिलं नसेल. पहिल्यांदा आले तेव्हा टपालताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. तर म्हातारा चपला काढून बाहेरच थांबला.

“पत्ता नको मला,” तो म्हणाला. “तो शब्द तिने माझ्या गाडीत केला होता.”

आता तो रोज सकाळी नळ बंद झाला की येतो. काठी भिंतीला टेकवून विचारतो, “काही आलं?”

“नाही.”

“बरं. मग ते दाखवा.”

टपालताई पान उघडून देतात. तो चष्मा पुसतो, लावतो आणि शेवटची ओळ बोट फिरवत वाचतो. ‘ढ’पाशी आला की बोट जरा थांबतं.