कोरडी फरशी

साळुबाईंनी पहिल्या बाकावर तळहात दाबला आणि बाक हलवून पाहिला. हलला नाही. मग दुसरा हलवला, तिसरा हलवला. खेळाचा तास असल्याने वर्ग रिकामा होता. चौथ्या बाकापाशी मुख्याध्यापकांनी खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली.

“आजी, असे अडतीस बाक आहेत एका वर्गात. सगळे हलवणार?”

“हलवते की. आमची पोर कोणत्या बाकावर बसंल ते तुमाला तरी कुठं म्हाईत हाय, गुरुजी?”

“सर म्हणतात इथं.”

दारात उभ्या असलेल्या प्राचीने मान खाली घातली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला सातवीचा दाखला होता. मढ गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, आणि वाडीची शाळा सातवीला संपत होती. पुढे जुन्नरची ही बिनफीची मोठी शाळा, नाहीतर भोसरी.

भोसरीला प्राचीचे आईबाप, आदेश आणि वृषाली, धाकट्या शौर्यला घेऊन एका खोलीत राहत. शौर्य झाला तेव्हापासून प्राची आजीकडे होती. दिवाळीत वृषालीने मुलीला न्यायची गोष्ट काढली, तेव्हा साळुबाई भर अंगणात, चार माणसांदेखत म्हणाल्या होत्या, “माझी पोर तुझ्या खुराड्यात कोंडायला देणार न्हाई.” वृषाली खाली बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेली. तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. शेवटी आदेशने मधला मार्ग काढला. आईने स्वतः जाऊन शाळा बघायची. चांगली असली तर पोर आजीकडे राहून एसटीने जा-ये करील, नसली तर तो तिला भोसरीला नेईल.

म्हणजे शाळा चांगली निघायलाच हवी होती. उद्या वृषालीला बोट ठेवायला जागा राहू नये, म्हणून साळुबाई आज सगळीकडे आधी स्वतःच बोट ठेवत होत्या.

“दहावीचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के आहे,” जिन्यावरून उतरताना मुख्याध्यापक म्हणाले. “साडेतीनशे मुलीच आहेत इथं. तालुक्याला विचारा.”

“उरलेल्या दोघांचं काय झालं?”

“कोण दोघं?”

“शंभरातली दोन ऱ्हायली ना.”

मुख्याध्यापक पिण्याच्या पाण्याच्या नळांकडे वळले. साळुबाईंनी नळाची तोटी फिरवली. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, मग चाखलं. पाणी गोड होतं. भिंतीला चुना होता, पंखे फिरत होते, वाचनालयातल्या पुस्तकांवर धूळ नव्हती. त्यांना मनातून बरं वाटत होतं, पण ते या माणसाला दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

ही शाळा त्यांना फाटकापर्यंत पाठ होती. थोरला भाऊ सोपान इथे शिकायला होता, तेव्हा दर शनिवारी भाकरीचं गठुडं घेऊन त्या यायच्या. दगडी पायरीवर बसून आतल्या पाढ्यांचा आवाज ऐकायच्या. तेव्हा कौलं होती आणि पटांगणात एक भलंमोठं चिंचेचं झाड होतं. आत मात्र त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. साठ वर्षांनी आज आत आल्या, तर चिंच गेली होती आणि हा माणूस मोबाइलात वेळ बघत होता.

“मुलींचं स्वच्छतागृह बघायचंय ना? सगळे तेच विचारतात,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी शिपायाला हाक मारली. “जानकू, माझ्या खुर्चीमागची किल्ली आण.”

जानकूने कुलूप काढलं. आत पांढऱ्याशुभ्र फरश्या होत्या, सहा दारं, हात धुवायला तीन बेसिनं आणि एक लांब आरसा. साळुबाईंनी चप्पल बाहेर काढली आणि फरशीवर पाय ठेवला. तळव्याला ओल लागली नाही. कुठे वास नव्हता, कुठे डाग नव्हता.

“झ्याक हाय,” त्या म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी केलेली ही पहिली स्तुती होती. “आपल्या मोरीपेक्षा चांगलं हाय गं, प्राची.”

मुख्याध्यापक पहिल्यांदा हसले. “कारकून बँकेत गेलेत. पाचला येतील. फॉर्म भरा आणि सोमवारपासून पाठवा.”

आजी-नात फाटकाशी कट्ट्यावर बसल्या. प्राचीने तिच्या वाडीतल्या मैत्रिणीची, रिंकीची गोष्ट काढली. रिंकीपण इथेच येणार होती. दोघी एका सीटवर बसणार होत्या, आणि आठची गाडी चुकली तर रिंकीचा काका दुधाच्या टेम्पोतून सोडणार होता. साळुबाई हं हं करत ऐकत होत्या. त्यांच्या मनात गोठा आला, चूल आली, संध्याकाळी सातला एसटीतून उतरणारी पोर आली. त्यांनी प्राचीच्या पाठीवरची वेणी सारखी केली.

पाच वाजता घंटा झाली आणि मुलींचा लोंढा बाहेर आला. साळुबाईंच्या घशाला कोरड पडली होती.

“बाळ, घोटभर पाणी दे गं,” त्यांनी एका उंच मुलीला थांबवलं.

मुलीने दप्तराच्या बाजूची बाटली काढून दिली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

“आता भरलीस व्हय?”

“नाही आजी, सकाळची आहे. घरूनच भरून आणते.”

साळुबाईंनी घोट घेतला. पाणी कोमट झालं होतं. त्या मुलीमागे उभ्या असलेल्या दोघींच्या बाटल्या त्यांनी पाहिल्या, मग फाटकातून जाणाऱ्यांच्या. निळ्या, गुलाबी, स्टीलच्या. पारदर्शक होत्या त्या सगळ्या भरलेल्या दिसत होत्या.

“पाणी प्यायला वेळ देत न्हाईत का गं?”

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. उंच मुलगी हळूच म्हणाली, “प्यालं की जावं लागतं.”

“मग जावं की. एवढं चकचकीत बांधलंय.”

“किल्ली हेडसरांकडे असते. त्यांना जाऊन मागायची.” ती थांबली. “ते विचारतात, आत्ताच का?”

तिने बाटली परत घेतली आणि मैत्रिणींना गाठायला पळाली.

साळुबाई उठल्या. प्राची “आजी, राहू दे ना” म्हणत मागे आली, पण त्या तडक ऑफिसात शिरल्या. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे खिळ्याला किल्ली टांगलेली होती.

“ती किल्ली पोरींपाशी का नसती?”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मागल्या वर्षी दोन नळ मोडले. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. मागितली की देतो आम्ही किल्ली. ‘नाही’ असं कधीच म्हटलेलं नाही.”

“आज किती जणींनी मागितली?”

“आज नाही कुणी.”

“काल?”

“कुणी मागतच नाही, आजी. याचा अर्थ गरज पडत नाही.”

“साडेतीनशे पोरींना?”

“हे बघा.” त्यांचा आवाज चढला. “सकाळपासून बाक हलवताय, पाणी हुंगताय. ऐकून घेतलं. आता मला शाळा चालवायला शिकवू नका. वीस मुलं यादीत थांबलेली आहेत. नको असेल तर तसं सांगा, पुढच्याला बोलावतो.”

“तुमच्या घरच्या मोरीला कुलूप असतं का, गुरुजी?”

मुख्याध्यापकांनी दाराकडे हात केला. शेजारच्या खोलीत परतलेला कारकून कागदांत मान खुपसून बसला होता. प्राची दारात उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

एसटी स्टँडपर्यंत ती आजीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. बाकड्यावर टेकल्यावर म्हणाली, “आजी, एवढ्यासाठी नाही म्हणू नकोस.”

“एवढ्यासाठी?”

“मी पाणीच नाही पिणार. रिंकीपण नाही पिणार. सकाळी निघताना जायचं, संध्याकाळी घरी आल्यावर जायचं. सगळ्या तसंच करतात. जमतं.”

साळुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हिरड्याचं ओझं घेऊन याच स्टँडवर त्या चाळीस वर्षं बाजाराला उतरल्या होत्या. घर सोडल्यापासून परत घर दिसेपर्यंत पाण्याला शिवायच्या नाहीत. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. या पोरीलाही कुणी शिकवलं नव्हतं, आणि अर्ध्या तासात तिला आलं होतं.

“फोन लाव बापाला,” त्या म्हणाल्या. “आन् आपली गाडी लागली का बघ जा.”

प्राचीने फोन लावून दिला आणि फलाटाकडे गेली.

“आई, कशी हाय शाळा?” आदेशने विचारलं.

“बाकं मजबूत हायेत. पाणी गोड हाय.”

“मग झालं ॲडमिशन?”

“वृषाली हाय का तिथं?”

 “हाय. का गं? भांडायचं आसंल तर ऱ्हाऊ दे, आई.”

“तिच्याकडं दे.”

फोन या हातातून त्या हातात गेला.  साळुबाईंनी पदर तोंडापाशी धरला आणि आवाज खाली आणला.

“मला सांग, तुझ्या तिथल्या शाळेत पोरी दुपारच्याला जातात कुठं? कुलूप असतं का?”

 दार लोटल्याचा आवाज आला. वृषाली खोलीबाहेर आली असावी.

“मी बघून आलेय, आई. दिवाळीच्या आधीच. कुलूप नाही. दाराला आतून कडी आहे. स्वतः लावून बघितली.”

“मग अंगणात का न्हाई बोललीस?”

“भाऊजी होते, शेजारचे सावळेराम मामा होते. सगळ्यांदेखत कसं बोलायचं?”

साळुबाईंनी समोर बघितलं. मढची गाडी लागली होती. प्राचीने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या आणि ती हात हलवून बोलावत होती.

“रविवारी ये पोरीला न्यायला,” त्या म्हणाल्या. “आदेशला धाडू नको. तूच ये.”