दुरुस्ती मंडळातली चिमणी

हॉस्टेलवर तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नसे. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मंडळांची टेबलं मांडली होती. तिला नाट्यमंडळात जायचं होतं, पण गर्दीच्या रेट्यात ती शेजारच्या टेबलाशी जाऊन पडली आणि कुणीतरी पुढे केलेल्या वहीत तिनं सही ठोकली. ती वही होती दुरुस्ती मंडळाची. दर शनिवारी वृद्धाश्रमात जायचं आणि तिथलं बिघडलेलं सामान नीट करून द्यायचं, हे त्यांचं काम. चूक झाली म्हणून सांगायचं धाडस काही तिला झालं नाही.

पहिल्याच शनिवारी अध्यक्षताईनं तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि एका खोलीकडे बोट दाखवलं. आत एक आजी शिलाई मशीनसमोर बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी टेलरचं दुकान चालवलं होतं.

"दोरा सारखा तुटतोय. बघ बरं काय झालंय त्याला."

चिमणीनं मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या. "दमलं असेल," ती पुटपुटली.

आजी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तुला यातलं ओ की ठो कळत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं! बाकीचे येतात, दहा मिनिटांत नीट करतात आणि चालू पडतात. तू बस इथं."

त्या दिवशी चिमणी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, भरायला शिकली. पुढच्या शनिवारी मशीन पुन्हा बिघडलं, त्याच्या पुढच्याही. तोवर तिला सरळ शिलाई जमू लागली होती. आजींसमोर तिचा आवाजही जरा मोकळा झाला होता.

चौथ्या शनिवारी मात्र अध्यक्षताई स्वतः खोलीत आली. तिनं मशीन वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सुई उलटी लावलीय! समोरच्या खोलीत घड्याळातला सेल उलटा, व्हरांड्यातल्या रेडिओची वायर काढून ठेवलेली. आजी, हे मुद्दाम करता तुम्ही सगळे?"

आजींनी खिडकीबाहेर बघितलं. "वय झालं गं. दिसत नाही नीट."

सुईत दोरा मात्र त्या चष्म्याशिवाय पहिल्या झटक्यात ओवायच्या, हे चिमणी दर शनिवारी बघत होती.

सोमवारी मंडळाची बैठक झाली. "आपल्याला मूर्ख बनवतायत," अध्यक्षताई म्हणाली. "वृद्धाश्रम यादीतून काढून टाकू या."

चिमणी उभी राहिली.

"ताई, तुझ्या बॅगेचा पट्टा महिनाभर सेफ्टी पिनेवर लोंबतोय."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तो शिवायला इथं एकालाही येत नाही. आजींना येतं. व्हरांड्यातल्या रेडिओवाल्या आजोबांना वायरी जोडायचं सोल्डरिंग येतं, ते आपल्याला कुणी धड शिकवलेलं नाही. आपण जाण्याऐवजी त्यांनाच इकडे आणू या ना."

खोलीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सगळे आधी बॅगेकडे बघायला लागले, मग हसायला. ताईनं पिन तळव्याखाली झाकली, पण तिलाही हसू आवरेना.

पुढच्या शनिवारी वृद्धाश्रमातले पाच जण गाडीतून कॉलेजच्या वर्कशॉपपाशी उतरले. आजींनी खास ठेवणीतली साडी नेसली होती आणि मशीनच्या मागे मागे "सांभाळून रे, सांभाळून" करत आल्या होत्या. उचललं दोघांनी, पण जीव आजींचा वरखाली होत होता. बघता बघता त्यांच्यासमोर रांग लागली: उसवलेले खिसे, निघालेल्या चेन, आईला दाखवायची सोय नसलेले फाटके शर्ट. आजी कुणालाही शिवून देत नव्हत्या. ज्याचं त्यानं शिवायचं.

अध्यक्षताईनं पट्टा शिवून दाखवला. आजींनी तो ओढून बघितला आणि शांतपणे सगळी शिलाई उसवली.

"पुन्हा."

"आजी, तिसरी वेळ आहे ही!"

"मग? मला कुठं घाई आहे?"

रांगेतले सगळे खिदळले. ताईनं बाह्या सरसावल्या आणि चिमणीला म्हणाली, "ए, बॉबिन भरून दे मला."